कोर्टाच्या कँटीनमधली दोन पातेली

आपल्याला आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नाही, असं उस्ताद स्वतःच सांगत. वाटायचं कारणही नव्हतं. कोर्टाच्या आवारातलं कँटीन तीस वर्षं त्यांच्या हाताखाली चाललं होतं. केस हरलेला पक्षकार असो की पुढची तारीख मिळाली म्हणून चडफडणारा वकील, उस्तादांचं ताट समोर आलं की माणूस गप्प बसून खायचा. एक न्यायाधीश निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात आपल्या निकालांपेक्षा कँटीनच्या रश्श्याबद्दलच जास्त बोलले. ही हकीकत उस्तादांनी इतक्या वेळा सांगितली होती की ऐकणाऱ्यांना ते भाषण पाठ झालं होतं. पण खरा अभिमान होता तो भाताचा. उस्तादांचा भात म्हणजे दाणा न् दाणा मोकळा. ताटात वाढल्यावर एक शीत दुसऱ्या शिताला ओळख दाखवणार नाही.

त्यांची बायको बालवाडीत स्वयंपाक करायची. तिथली तीन-तीन वर्षांची पोरं तिला मावशी म्हणत, म्हणून शिकवणाऱ्या बाई म्हणू लागल्या, मग गल्ली म्हणू लागली, आणि शेवटी चारचौघांत उस्तादही मावशीच म्हणू लागले. मावशींचा स्वयंपाक मऊ, बेताच्या मिठाचा, न चावता गिळता येईल असा. उस्ताद त्याला 'बिनदातांचा स्वयंपाक' म्हणत, आणि मावशी हसून सोडून देत.

घरी चूल उस्तादांचीच. "दिवसभर पोरांचं रांधून आलीस, बस आता," असं म्हणून ते बाह्या सरसावत. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारत की बघा, नवरा असावा तर असा. एवढं कौतुक ऐकल्यावर मावशी तरी काय बोलणार? लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि स्वतःच्या घरात त्यांनी कधी पातेलं चढवलं नव्हतं. लेकही बापाच्या हातचंच खाऊन मोठी झाली आणि लग्न होऊन परगावी गेली.

मग साथ आली आणि शहराला कुलूप लागलं. कोर्ट बंद, बालवाडी बंद, हॉटेलं बंद, खाटकाची दुकानं बंद. माणसं घरात बसून डबे भरून ठेवू लागली, पण हॉटेलांच्या मागच्या दारावर जगणाऱ्या कुत्र्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आठ दिवस बंद दारांपुढे बसून राहिली, आणि मग एकमेकांवर धावून जाऊ लागली. तेव्हा नगरपालिकेला जाग आली. हुकूम निघाला की भटक्या जनावरांना रोज एक वेळ शिजवलेलं अन्न पोचवायचं. शहरातल्या सगळ्यात मोठ्या शेगड्या कोर्टाच्या कँटीनमध्ये होत्या, म्हणून स्वयंपाक तिथे. आणि बसून असलेले स्वयंपाकी दोन, उस्ताद आणि मावशी. दोघांची नावं एकाच कागदावर आली. वर मावशींचं होतं. उस्तादांनी कागदावर दुसरं काही वाचायच्या आधी तेवढं पाहिलं.

"आडनाव एकच आहे, तर नाव वर कुणाचं यानं काय होतं?" मावशी म्हणाल्या.

"काही होत नाही," उस्ताद म्हणाले. "कारकून गाढव असतो, एवढंच."

पहिल्या दिवशी पालिकेची जनावरांची डॉक्टरीण आली. तरुण होती, मास्कवरून नुसते डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत झोप नव्हती. तिनं नियम सांगितले. तांदूळ, कोंबडीचे तुकडे, गाजर, लाल भोपळा. मीठ नाही, तिखट नाही, तेल नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही.

उस्तादांनी मान डोलावली आणि ती बाहेर जाताच दोन किलो कांदा परतायला घेतला. कांद्याशिवाय रस्सा म्हणजे नुसतं पाणी, हे त्या पोरीला कोण सांगणार? वास बाहेरपर्यंत गेला. डॉक्टरीण परत आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "उस्ताद, हे कुत्र्यांना विषासारखं आहे." मग तिनं सगळं पातेलं मागच्या खड्ड्यात ओतायला लावलं. कोर्टाच्या कँटीनचं अन्न मातीत गेलं, तेही बायकोच्या देखत. मीठमसाल्याचे डबे लोखंडी कपाटात गेले. चावी मात्र तिनं उस्तादांच्याच हातात दिली. "तुमची जागा आहे, चावी तुमच्याकडेच असू द्या. फक्त उघडू नका," ती म्हणाली.

त्या दिवसापासून दोन पातेली चढू लागली. गाडी एकच होती, तिच्या फेऱ्या दोन. पहिली फेरी बाजाराच्या बाजूला, उस्तादांचं पातेलं घेऊन. दुसरी रेल्वेच्या पुलापलीकडे, गोदामांच्या बाजूला, मावशींचं पातेलं घेऊन. ड्रायव्हर एरवी कचऱ्याची गाडी चालवायचा. मोजक्या बोलण्याचा आणि अतिबारीक लक्षाचा माणूस. किती कुत्री आली, किती खाल्लं, किती उरलं, हे तो रोज एका तक्त्यावर लिहायचा, आणि तक्ता कँटीनच्या दारावर टाचणीनं लावायचा. उस्तादांना आधी ते आवडलं. लोकांना कळेल तरी.

लोकांना कळलं. तिसऱ्या दिवशी तक्त्यावर होतं, बाजार: बत्तीस कुत्री, निम्मं उरलं. गोदामं: अडतीस कुत्री, काही उरलं नाही.

"निम्मं कसं उरेल?" उस्तादांनी विचारलं.

"भात ठेवतात," ड्रायव्हर म्हणाला. "तुमचा भात सुटा असतो ना. कोंबडीचे तुकडे अलगद वेचून खातात आणि भात तसाच. मग त्यावर माश्या बसतात, लोक वरून ओरडतात. मावशींचं सगळं एकजीव असतं. वेचायचं म्हटलं तरी वेचता येत नाही."

"म्हणजे माझा भात चांगला झाला, हा माझा गुन्हा?"

ड्रायव्हरनं खांदे उडवले. तो कुत्र्यांच्या वतीनं काय बोलणार?

आता शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी दोन तांबे पाणी जास्त घातलं असतं आणि विषय संपवला असता. पण उस्तादांचा हात तसं करीना. ते तांदूळ जसे आजवर धूत तसेच धूत, पाणी बोटाच्या पेरानं मोजत आणि वेळेवर आच मंद करत. झाकण काढलं की पातेल्यात मोगऱ्याच्या कळ्या ओतल्यासारखा भात. बाजूच्या शेगडीवर मावशी मोठ्या लाकडी डावानं आपलं पातेलं घोटत असत. भोपळा विरघळलेला, कोंबडी रेषारेषांत सुटलेली, भाताचा दाणा औषधालाही शिल्लक नाही. ते पिवळट रबरबीत पाहून उस्तादांच्या अंगावर काटा यायचा. आणि ते पातेलं परत यायचं तेव्हा घासायचं तरी काय, असा प्रश्न पडायचा. तरी ते रोज उस्तादच फळीवर उचलून ठेवत. कँटीन त्यांचं, भांडी त्यांची, दुसऱ्यानं फळीला हात लावलेला त्यांना खपत नसे.

एक दिवस फोनवर लेक हसत म्हणाली, "बाबा, कमाल आहे. आईच्या हातचं सगळ्या गावातल्या कुत्र्यांनी खाल्लं, मला मात्र कधी मिळालं नाही."

उस्तादांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग तर आक्रीतच झालं. बाजाराची कुत्री कमी होऊ लागली. बत्तीसची सव्वीस, सव्वीसची एकोणीस, एकोणिसाची अकरा. आणि गोदामांच्या बाजूला अडतीसची साठ झाली. सगळ्यांना वाटलं, ड्रायव्हरचं मोजण्यात काहीतरी चुकतंय. डॉक्टरीण मुद्दाम त्याच्याबरोबर गेली, आणि येऊन हसत सांगू लागली की बाजारची कुत्री सकाळीच रेल्वेचा पूल चढून पलीकडे जातात आणि मावशींच्या गाडीची वाट बघत बसतात. रांगेनं, फूटपाथवरून. कारकून हसले, शिपाई हसले. मावशीही हसल्या, पण नवऱ्याकडे बघून लगेच थांबल्या. उस्तादांना ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

आपली गिऱ्हाइकं फुटली, असं म्हणावं तर कुणापुढे? कुत्र्यांनी तोंड फिरवलं म्हणून माणसानं रडावं का? पण पोटात जे दुखत होतं ते खरंच दुखत होतं. रात्री जेवताना मावशी त्यांच्या हातचा भात शांतपणे खात, आणि उस्तादांना वाटे, ही आता आतल्या आत हसत असेल. मनात म्हणत असेल, तीस वर्षांचा उस्ताद, आणि कुत्रंही खाईना. मावशींच्या मनात असं काही नव्हतं. पण जळणाऱ्या माणसाला समोरच्याच्या मनातलं फार स्पष्ट दिसतं.

तरी एक आधार होता. कोर्टाच्या फाटकात एक म्हातारा तांबूस कुत्रा राहायचा. उजवा डोळा गेलेला, एक कान दुमडलेला. फाटकात दिवसभर बसून असायचा म्हणून त्याला सगळे हवालदार म्हणत. नऊ वर्षं तो उस्तादांनी टाकलेल्या हाडांवर जगला होता. बाकीची गेली तरी हवालदार दुपारी मागच्या दाराशी यायचा, उस्तादांचा सुटा भातही खायचा, चार शितं का होईना. उस्ताद त्याच्यापुढे उकिडवे बसत आणि म्हणत, "तुला कळते चव. तू कोर्टातला आहेस."

एका गुरुवारी हवालदार आला नाही. शुक्रवारीही आला नाही. शनिवारी उस्तादांनी ड्रायव्हरला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तो एकडोळ्या ना?" ड्रायव्हर म्हणाला. "तो गोदामांकडे असतो आता. पूल चढताना दमतो, दोनदा बसतो. पण मावशींच्या पातेल्यापाशी सगळ्यात आधी तोच."

त्याच दुपारी पालिकेचे साहेब आले. जाडजूड, दमलेला माणूस, कानाला सतत फोन. त्यांनी दारावरचा तक्ता वाचला, डॉक्टरणीशी दोन वाक्यं बोलले आणि निर्णय दिला. सोमवारपासून दोन्ही फेऱ्यांचं अन्न मावशी करतील. उस्ताद त्यांच्या हाताखाली मदत करतील.

"हाताखाली," उस्तादांनी तेवढाच शब्द उच्चारला.

"म्हणजे, चिरून वगैरे द्यायचं हो," साहेब म्हणाले आणि पुन्हा फोनवर बोलू लागले.

त्यांच्याच कँटीनमध्ये, त्यांच्याच शेगडीवर, बायकोला गाजरं चिरून द्यायची. संध्याकाळी घरी मावशी म्हणाल्या, "मी साहेबांना सांगते, मला एकटीला नाही जमणार. दोघं मिळून करू, आपल्याला कोण विचारतंय?"

"उपकार नकोत," उस्ताद म्हणाले, आणि जेवताना दोघांत फक्त भांड्यांचा आवाज होत राहिला.

रविवारी, वेगळी पातेली चढवण्याच्या शेवटच्या दिवशी, मावशींनी आपलं पातेलं उतरवलं, चमचाभर चाखलं, झाकण ठेवलं आणि हजेरीची सही करायला फाटकाशी गेल्या. ड्रायव्हर बाजारची फेरी संपवून अजून परतला नव्हता. उस्ताद एकटेच होते. चावी खिशात होती. कपाट उघडताना त्यांनी स्वतःला काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर हात थांबला असता. मिठाचा डबा अर्धा भरलेला होता. त्यांनी तो सगळा त्या पिवळट रबरबीतात उपडा केला आणि मावशींच्याच डावानं ढवळलं. त्यांचा हिशेब साधा होता. कुत्री तोंड लावतील, नाक मुरडतील आणि निघून जातील. तक्त्यावर एकदा तरी लिहिलं जाईल, गोदामं: सगळं उरलं. बस, एवढंच.

तीस वर्षांत दुसऱ्याच्या पातेल्याला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. स्वयंपाक्यांच्या धंद्यात याहून हलकं काम नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरी डबा रिकामा करून, विसळून, पुन्हा कपाटात ठेवताना त्यांना बरं वाटलं. खोटं का बोला, फार बरं वाटलं.

पातेलं दुपारी दीडला परत आलं. नेहमीसारखंच, लख्ख. उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले.

"सगळं खाल्लं?"

"खाल्लं की," ड्रायव्हर म्हणाला. "मावशींच्या हातचं कधी सोडतात का?"

कुत्र्यांनी नाक मुरडलं नव्हतं. त्यांच्या जिभेला खारट लागलं असेल, नक्कीच लागलं असेल. पण रोज येणारं पातेलं होतं, रोजचा वास होता, त्यांनी विश्वासानं खाल्लं. अडीच वाजता गोदामाच्या पहारेकऱ्याचा फोन आला. कुत्री ओकतायत, झोकांड्या खातायत, पाणी शोधत फिरतायत. गोदामं बंद, नळ बंद, आणि त्या बाजूला ना तळं ना हौद.

डॉक्टरीण धावत आली. गाडीत झाकणाच्या कडेला थोडं चिकटलेलं होतं, ते तिनं बोटावर घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकली. "मीठ आहे. मूठभर नाही, किलोभर असेल," ती कँटीनच्या दारात उभी राहून म्हणाली. "कुणी घातलं?"

मावशींनी कपाटाकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या खिशाकडे. मग एकदा, एकदाच, त्याच्या तोंडाकडे. उस्ताद जमिनीकडे बघत होते.

"मी घातलं," मावशी म्हणाल्या. "चावी यांच्या शर्टातून घेतली. अळणी किती दिवस खाणार बिचारी, असं वाटलं. हात सैल पडला."

डॉक्टरणीनं पहिली बादली नळाखाली लावली. रागवायला वेळच नव्हता. तिघं जण आणि ड्रायव्हर, सगळ्यांनी कँटीनमधल्या बादल्या, टोप, हंडे भरून गाडीत घातले आणि पुलापलीकडे गेले. त्या दुपारी उस्तादांनी किती पाणी वाहिलं याला गणती नाही. कुत्री शटरांच्या सावलीत आडवी पडली होती. काहींचे पाय थरथरत होते. डॉक्टरीण सुया टोचत फिरत होती. हवालदार एका बंद गोदामाच्या पायरीशी पडला होता, जीभ बाहेर, एकुलता डोळा अर्धा मिटलेला. उस्तादांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मगानं थोडं थोडं पाणी पाजलं. पहिलं बाहेर आलं, दुसरं आत गेलं. ते त्याच्या कानात काय पुटपुटत होते ते त्यांचं त्यांनाही ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळा उघडला. मावशी बादली घेऊन शेजारून गेल्या, तेव्हा त्यानं शेपटी हलवली.

इतकं होऊनही उस्तादांच्या छातीत कळ उठली. मांडी माझी, पाणी माझं, आणि शेपटी तिच्यासाठी. असा विचार या घडीला मनात यावा याची त्यांना लाज वाटली, पण तो आला तो आलाच.

कुत्री वाचली. तीन दिवस अशक्त राहिली, पण सगळी वाचली. साहेबांनी मावशींना कामावरून काढलं आणि दोन्ही फेऱ्या उस्तादांना दिल्या. म्हणजे हवं होतं ते सगळं मिळालं. कँटीन पुन्हा त्यांचं, शेगड्या त्यांच्या, बाजूला घोटणारं कुणी नाही.

पण माणसांची तोंडं कशी बंद करणार? ड्रायव्हर, ज्याला चार शब्द बोलायचा कंटाळा, तो म्हणाला, "बाई खरी. लपवता आलं असतं, पण नाही लपवलं." डॉक्टरीण म्हणाली, "मी इतकी चिडले होते, पण त्यांनी डोळ्यांत बघून कबूल केलं ना, मला पुढे बोलताच येईना." शिपाई विचारी, मावशी कशा आहेत. कारकून विचारी. गोदामाच्या पहारेकऱ्यानं तर फाटकापाशी थांबून निरोप दिला की मावशींना म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका, जनावरांच्या मायेपोटीच झालं ते.

उस्ताद दोन दिवस हे ऐकत होते. ज्या बाईनं काही केलंच नव्हतं तिला माफी मिळत होती, आणि माफीसोबत कौतुकही. ज्यानं केलं होतं त्याला कुणी विचारत नव्हतं. स्वयंपाकात ती पुढे गेली, ठीक. कुत्री तिच्याकडे गेली, ठीक. आता चांगुलपणातही तीच वर, आणि तोही उस्तादांच्या पापावर उभी राहून. घरी ती त्यांना एका शब्दानंही बोलली नव्हती, आणि ते न बोलणंही किती मोठ्या मनाचं. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी एप्रन काढला, तडक पालिकेत गेले आणि साहेबांच्या टेबलापुढे उभे राहिले.

"साहेब, मीठ मी घातलं होतं."

साहेबांनी फोन कानावरून खाली घेतला. "तुम्ही? मग त्या का म्हणाल्या?"

"तेच तर," उस्ताद चिडून म्हणाले. "तिला कुणी सांगितलं होतं?"

साहेबांनी फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "चावी इथे ठेवा. तुम्ही उद्यापासून येऊ नका. मावशींना पाठवा."

घरी जाताना उस्तादांना हलकं वाटत होतं. खरं बोललो, शिक्षा घेतली, फिटलं. मावशी खिडकीशी बसून जुनी चादर शिवत होत्या. उस्तादांनी सगळं सांगितलं, जरा ताठ मानेनंच, आणि वाट पाहिली.

मावशींनी सुई चादरीत खोचली. "का सांगितलंत?"

"का म्हणजे? खरं होतं ते."

"खरेपणासाठी नाही सांगितलंत तुम्ही." त्यांचा आवाज वर गेला नाही. "लोक मला चांगलं म्हणत होते, ते तुम्हाला बघवलं नाही. अठ्ठावीस वर्षं तुमच्या हातचं खाल्लं. एक दिवस म्हटलं नाही की आज मी करते. ती जागा तुमची होती, म्हटलं असू दे. हे कुत्र्यांचं तेवढं माझं होतं, ते तुम्ही नासवलंत. तरी तुमची अब्रू राहावी म्हणून मी माझ्या मनानं एक गोष्ट केली. पहिल्यांदाच काहीतरी दिलं तुम्हाला, जे तुम्हाला घ्यावंच लागलं असतं. तेही नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलंत."

मावशींनी सुई पुन्हा हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कामावर गेल्या. उस्ताद घरी राहिले. तीस वर्षांत कामाच्या दिवशी सकाळी अकराला ते कधी घरात नव्हते, त्यामुळे कुठे बसावं हेही त्यांना कळेना. मग त्यांनी रांधायला घेतलं. जे जे मावशींना आवडतं ते ते केलं. करताना लक्षात आलं की त्यांना काय आवडतं हे आपल्याला नीट माहीत नाही. आपण जे करतो तेच त्या खातात, एवढंच माहीत आहे. तरी केलं. संध्याकाळी सहाला दोन ताटं मांडून बसले.

मावशी आल्या. दारातच साबणानं हात धुतले, मास्क काढून खुंटीला लावला. तोंड दमलेलं होतं, पण उजळ दिसत होतं.

"बस," उस्ताद म्हणाले. "गरम आहे."

"मी जेवून आलेय."

"कुठे?"

"तिथेच. सगळेच खातो आता आम्ही. डॉक्टरीणबाई, ड्रायव्हर, शिपाई. पातेलं उतरवलं की वाटी-वाटी बाजूला काढतो, वरून चिमूटभर मीठ घेतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईची आठवण झाली."

उस्ताद ताटाकडे बघत राहिले. मोकळा भात, दाणा न् दाणा. डॉक्टरणीनं खाल्लं होतं, ड्रायव्हरनं खाल्लं होतं. बालवाडीतल्या पोरांनी वीस-पंचवीस वर्षं खाल्लं होतं. पुलापलीकडच्या साठ कुत्र्यांनी रोज खाल्लं होतं, हवालदारानं दोनदा वाटेत बसून, दमून, तिथवर जाऊन खाल्लं होतं. एक आपणच राहिलो. त्या साठ कुत्र्यांचा त्यांना असा हेवा वाटला की बसल्या जागी डोळे भरून आले. हा हेवा आधीच्या हेव्यासारखा नव्हता. यात कुणाला खाली ओढावंसं वाटत नव्हतं, नुसतं त्यांच्या रांगेत जाऊन बसावंसं वाटत होतं.

"उद्या," ते म्हणाले, "उद्या माझ्यासाठी थोडं आणशील?"

"ते कुत्र्यांचं असतं."

"चालेल मला."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर उस्तादांना बरं वाटलं असतं.

"शिल्लक राहिलं तर आणीन," त्या म्हणाल्या आणि कपडे बदलायला आत गेल्या.

उस्तादांनी दोन्ही ताटांवर झाकणं ठेवली. त्या पातेल्यात आजवर एक शीतही कधी शिल्लक राहिलं नव्हतं. रोज ते उचलून फळीवर ठेवणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती.